अध्यारोप झाला, अपवाद राहिला

साहित्यचर्चेसाठी असलेल्या या जागेत क्वांटम संगणकाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. क्वांटम प्रोग्रॅमिंग आणि क्वांटम मशीन लर्निंग हे विषय आज असंख्य विद्यार्थी चित्रफितींच्या मार्गाने शिकू पाहत आहेत. त्यांपैकी लोकप्रिय चित्रफितींत प्रामुख्याने असते ते गणित नव्हे, रूपक. रूपक कुठवर चालते, कुठे थकते आणि कुठे दिशाभूल करू लागते हे तपासणे ही तर साहित्याच्या अभ्यासकाची नित्याची कामगिरी. तेव्हा हा विषय आपल्या अंगणाबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही. उलट, आपण तो बाहेरचा मानला म्हणूनच त्यातील भाषेची तपासणी कोणी करीत नाही, असे आमचे मत आहे.

थोडी पार्श्वभूमी पाहू. क्वांटम नियमांनी चालणाऱ्या संगणकाची कल्पना रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ सालच्या व्याख्यानात जोरकसपणे मांडली. डेव्हिड डॉइच यांनी १९८५ साली तिला काटेकोर रूप दिले. पीटर शोर यांनी १९९४ साली मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची आणि लव ग्रोव्हर यांनी १९९६ साली शोध घेण्याची क्वांटम रीत दाखवली. तोवर, आणि नंतरही बराच काळ, हा विषय शोधनिबंधांत आणि मोजक्या ग्रंथांत नांदत होता. मे २०१६ मध्ये आयबीएम कंपनीने पाच क्युबिटांचे आपले यंत्र इंटरनेटवरून सर्वांसाठी खुले केले आणि चित्र बदलले. २०१७ साली किसकिट आणि २०१८ साली पेनीलेन ही मुक्त साधने आली. त्यांच्या पाठोपाठ चित्रफितींचा ओघ सुरू झाला. किसकिटच्या २०२० सालच्या उन्हाळी वर्गाची व्याख्याने सर्वांना पाहता येतात, तर २०२१ सालचा वर्ग क्वांटम मशीन लर्निंगलाच वाहिलेला होता. आपल्याकडे आयआयटीतील प्राध्यापकांची या विषयावरची व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य उपलब्ध आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली, आणि २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. अशा वातावरणात 'क्वांटम शिका' अशी हाक चहूकडून ऐकू आली नसती तरच नवल.

चित्रफितींनी केलेले उपकार नाकारण्याचा आमचा हेतू नाही. ज्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा पूर्ण विभागही नाही, तिथल्या विद्यार्थ्याला घरबसल्या उत्तम अध्यापकाचे व्याख्यान ऐकता येणे ही लहान गोष्ट नव्हे. क्युबिटची अवस्था एका गोलाच्या पृष्ठभागावरील बिंदू म्हणून दाखवतात. तो गोल फिरताना पाहणे आणि पुस्तकातील स्थिर आकृतीवरून त्याचे फिरणे मनाशी कल्पिणे यांत फरक आहेच. अध्यापक कुठे थांबतो, कशावर जोर देतो, फळ्यावर लिहिताना काय बोलतो, हे सारे शिक्षणाचे अंग असते आणि ते छापील पानावर उतरत नाही. आमची तक्रार चित्रफीत या माध्यमाविषयी नसून, तिच्याकडून आपण जे काम अर्धेच करून घेतो त्याविषयी आहे.

ते अर्धे काम कोणते हे सांगण्यासाठी वेदान्ताच्या अध्यापनपरंपरेतील एका जोडशब्दाचा आधार घेतो: अध्यारोप आणि अपवाद. जे शब्दांत थेट सांगता येत नाही त्यावर आधी सोयीसाठी काही गुण आरोपित करायचे, शिष्याला तिथवर आणायचे, आणि मग तो आरोप काढून घ्यायचा. शंकराचार्यांच्या गीताभाष्यात, तेराव्या अध्यायावरील विवेचनात, या रीतीचा उल्लेख परंपरेने आलेले वचन म्हणून येतो. दोरी आणि सापाचा दृष्टान्त आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. या ठिकाणी एक खुलासा अगत्याचा आहे. 'आपल्या पूर्वजांना क्वांटम सिद्धान्त ठाऊक होता' अशा छापाचे विधान आम्ही करीत नाही. ते विधान निराधार आहे आणि त्याने विज्ञानाचे व वेदान्ताचे सारखेच नुकसान होते. आम्ही फक्त शिकवण्याची एक रीत उसनी घेत आहोत. या रीतीची अट अशी की दोन्ही पावले उचलली गेली पाहिजेत. अध्यारोप करून जो थांबतो तो गुरू शिष्याच्या हाती साप देऊन निघून जातो.

लोकप्रिय चित्रफितींतील अध्यारोप तीन आहेत. पहिला असा की क्युबिट एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही. दुसरा असा की म्हणून क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासून पाहतो. तिसरे ते सुप्रसिद्ध मांजर, पेटीत बंद, जिवंतही आणि मृतही. यांतील मांजराची कथा साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. एर्विन श्रॉडिंगर यांनी १९३५ साली हे मांजर आणले ते सिद्धान्त समजावून देण्यासाठी नव्हे, तर त्या काळचा प्रचलित अर्थ मोठ्या वस्तूंना जसाच्या तसा लावला तर केवढा हास्यास्पद निष्कर्ष निघतो हे दाखवण्यासाठी. ते विडंबन होते. विडंबनाला वर्णन समजण्याची चूक कवितेच्या वर्गात झाली असती तर आपण लगेच बोट ठेवले असते. विज्ञानाच्या चित्रफितीत मात्र तेच मांजर प्रवेशद्वारी उभे असते आणि कोणी हटकत नाही.

आता पहिल्या अध्यारोपाचा अपवाद कागदावर करून पाहू. त्यासाठी वर्गमूळ आणि ऋण चिन्ह यांपलीकडचे गणित लागत नाही. क्युबिटच्या अवस्थेत शून्य आणि एक या दोन शक्यतांना एकेक संख्या जोडलेली असते. या संख्येला आयाम म्हणू. आयामाचा वर्ग म्हणजे मोजणीत ते उत्तर मिळण्याची संभाव्यता. (सर्वसाधारणपणे आयाम संमिश्र संख्या असतात, आपल्या उदाहरणापुरते धन आणि ऋण पुरेत.) हॅडामार्ड नावाची एक प्राथमिक क्रिया आहे. ती शून्यावर केली की शून्य आणि एक या दोन्हींचा आयाम 'एक भागिले दोनचे वर्गमूळ' इतका होतो. मोजले तर निम्म्या वेळा शून्य, निम्म्या वेळा एक. चित्रफीत इथे नाणेफेकीचे चित्र दाखवते आणि पाहणाऱ्याला सारे समजल्यासारखे वाटते.

पण न मोजता तीच क्रिया पुन्हा एकदा करा. नाणे दोनदा उडवले तरी छापा-काटा निम्मेनिम्मेच राहतो. इथे मात्र उत्तर दर वेळी शून्यच येते, निरपवादपणे. याचे कारण असे की ही क्रिया एकावर केली असता शून्याचा आयाम धन येतो, पण एकाचा ऋण येतो. त्यामुळे दुसऱ्या खेपेस शून्याकडे नेणाऱ्या दोन वाटांचे आयाम अर्धा आणि अर्धा, बेरीज एक. एकाकडे नेणाऱ्या दोन वाटांचे आयाम अर्धा आणि उणे अर्धा, बेरीज शून्य. दुसरी शक्यता पुसली गेली. संभाव्यता कधी ऋण नसते, आयाम असू शकतो, आणि म्हणून शक्यता एकमेकींना पुसू शकतात. याला व्यतिकरण म्हणतात. क्वांटम संगणकाचे सारे सामर्थ्य या पुसण्यात आहे: चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींना मारक आणि बरोबर उत्तराकडे जाणाऱ्या वाटा पूरक ठराव्यात अशी रचना करणे म्हणजे क्वांटम प्रोग्रॅमिंग. 'एकाच वेळी दोन्ही' या वाक्यात ऋण चिन्हाला जागाच नाही. ते वाक्य अगदी खोटे आहे असे नाही, पण ज्या एका गोष्टीमुळे विषय विषय ठरतो तीच नेमकी त्यातून गळालेली आहे.

दुसरा अध्यारोप, सगळी उत्तरे एकदम तपासण्याचा, अधिक उपद्रवी आहे, कारण त्यातून अपेक्षा जन्मतात. स्कॉट आरन्सन हे या क्षेत्रातील मान्यवर अभ्यासक ही समजूत खोडून काढण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ग्रोव्हर यांची रीत पाहिली की समजूत कुठे तुटते ते कळते. दहा लक्ष नोंदींत एकच हवी ती नोंद आहे असे समजा. साध्या संगणकाला ती सापडेपर्यंत सरासरी पाच लक्ष नोंदी पाहाव्या लागतील. यंत्र खरोखर सगळ्या नोंदी एकदम तपासत असते तर एकाच पावलात काम व्हायला हवे होते. ग्रोव्हर यांच्या रीतीला सुमारे ७८५ पावले लागतात. प्रत्येक पावलात हव्या असलेल्या नोंदीचा आयाम थोडा वाढतो, इतरांचा थोडा घटतो. आणि ७८५ नंतर न थांबता चालतच राहिलो, तर मिळू घातलेले उत्तर पुन्हा हातचे जाऊ लागते. सुमारे तितकीच पावले आणखी टाकली की आपण जवळजवळ आरंभस्थानी. सगळी उत्तरे आधीच हाती असलेल्या यंत्राला थांबण्याची वेळ सांभाळण्याची गरज काय?

हा अपवाद चित्रफितीत होऊच शकत नाही असे नाही. गणितावरील चित्रफितींसाठी ख्यातनाम असलेल्या ग्रँट सँडरसन यांनी २०२५ साली ग्रोव्हर यांच्या रीतीवर एक चित्रफीत केली. तिचा आरंभच प्रेक्षकाला प्रश्न विचारून, रूढ समजूत उघडी पाडून होतो. पुढे प्रेक्षकांच्या शंकांवरून आपले विवेचन कुठे अपुरे पडले हे ध्यानात आल्यावर त्यांनी तेवढ्यासाठी दुसरी चित्रफीत केली आणि शीर्षकातच तसे सांगितले. माध्यमाची उत्तम जाण असलेल्या माणसालाही अपवादासाठी पुन्हा परतावे लागले, आणि ते परतले. आमच्या मते हा त्या माध्यमातील प्रामाणिकपणाचा नमुना आहे. मात्र असे परतणे विरळा.

ते विरळा का, याचा विचार माध्यमाच्या स्वभावाशी जाऊन भिडतो. चित्रफीत काळात वाहते. वाचक ओळीवर थबकतो, मागे जातो, समासात प्रश्नचिन्ह करतो. प्रेक्षकाला थांबण्यासाठी मुद्दाम बटण दाबावे लागते, आणि तसे दाबणे म्हणजे आपल्याला समजले नाही याची कबुली वाटते. न थांबता पाहिले की सगळे पटत जाते. पटणे आणि कळणे यांतील अंतर साहित्याच्या शिक्षकाला नव्याने सांगायला नको. कवितेचे उत्तम रसग्रहण ऐकून माना डोलावणारा वर्ग, तीच कविता एकट्याने समोर घेऊन बसला की कसा गप्प होतो, हे आपण दर वर्षी पाहतो.

या संदर्भात मायकेल नील्सन यांचा प्रवास उद्बोधक आहे. आयझॅक च्वांग यांच्यासह लिहिलेला त्यांचा २००० सालचा ग्रंथ या विषयाचा पायाभूत पाठ्यग्रंथ मानला जातो. २०११ साली त्यांनी यूट्यूबवर बावीस छोट्या चित्रफितींची मालिका केली. 'निश्चयी लोकांसाठी क्वांटम संगणन' असे तिचे नाव मराठीत सांगता येईल. नावातला 'निश्चयी' हा शब्द बरेच काही सांगतो. आणि २०१९ साली अँडी मॅटुशॅक यांच्यासह त्यांनी पुन्हा लिखित निबंधाकडे वळून एक वेगळाच प्रयोग केला. त्यांच्या 'क्वांटम कंट्री' या निबंधमालेत मजकुराच्या मध्येच छोटे प्रश्न येतात, आणि तेच प्रश्न वाढत्या अंतराने, आधी काही दिवसांनी, मग आठवड्यांनी, मग महिन्यांनी, वाचकाला पुन्हा विचारले जातात. याला आपण उजळणी म्हणतो. ज्या क्षेत्राला भविष्याचे क्षेत्र म्हणून मिरवले जाते, त्यातील एका अग्रगण्य लेखकाला अखेर पाठांतर आणि उजळणी यांच्याकडे यावेसे वाटले, ही गोष्ट घोकंपट्टीला सरसकट हसणाऱ्या आपल्या शिक्षणचर्चेने मनावर घ्यावी.

प्रोग्रॅमिंगच्या चित्रफितींपुढे आणखी एक अडचण आहे, ती पाठभेदाची. २०१९-२० च्या सुमाराच्या किसकिटविषयक चित्रफितींत जी आज्ञा हमखास दिसते, 'एक्झिक्यूट', ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या किसकिटच्या पहिल्या स्थिर आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. विद्यार्थी पडद्यावरील अक्षर न अक्षर उतरवतो आणि यंत्र त्याला चूक दाखवते. मूळ संहिता बदलली. तिच्यावरचे निरूपण होते तसेच राहिले. जुनी पोथी हाती घेताना ती कोणत्या काळची, कोणत्या शाखेची, हे विचारण्याची सवय पाठचिकित्सेने आपल्याला लावली आहे. संगणकाच्या विद्यार्थ्याला ती कोणी लावत नाही. तो आपल्यालाच अक्कल नाही असे समजून बाजूला होतो.

आता क्वांटम मशीन लर्निंगकडे वळू. इथे रूपकाच्या जोडीला जाहिरात येते. या विषयाचा गाभा थोडक्यात असा: क्वांटम यंत्रावर एक रचना करायची, तिच्यात काही कोन बदलते ठेवायचे, मोजणी करून सरासरी काढायची, आणि उत्तर सुधारेल अशा बेताने ते कोन साध्या संगणकाकरवी पुनःपुन्हा बदलायचे. तंतुवाद्याच्या खुंट्या पिळून सूर जुळवण्यासारखे हे काम आहे. (हाही अध्यारोपच. त्याचा अपवाद असा की वादक सूर ऐकतो. इथे एकेका मोजणीतून फक्त शून्य किंवा एक मिळतो आणि सूर कळण्यासाठी तेच वाद्य हजारो वेळा वाजवावे लागते.) दहा ओळींत अशी रचना उभी करून दाखवणारी चित्रफीत विद्यार्थ्याला आनंद देते यात संशय नाही. ती रचना साध्या संगणकापेक्षा सरस आहे का, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही.

ज्यांनी तो विचारला त्यांची उत्तरे लिखित स्वरूपात आहेत. २००९ साली हॅरो, हसिदीम आणि लॉइड यांनी समीकरणांचे मोठे संच सोडवण्याची वेगवान क्वांटम रीत दिली आणि क्वांटम मशीन लर्निंगच्या अनेक आशा तिच्यावर उभ्या राहिल्या. २०१५ साली आरन्सन यांनी त्या रीतीच्या अटी वाचकांपुढे मांडल्या. माहिती यंत्रात झटपट भरता आली पाहिजे, समीकरणे विशिष्ट स्वभावाची असली पाहिजेत, आणि उत्तर पूर्ण वाचून घ्यायचे म्हटले तर सगळी आघाडी तिथेच संपते. २०१८ साली मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की असे कोन यदृच्छेने निवडले आणि क्युबिट वाढवले, तर कोणत्या दिशेने कोन फिरवल्यास सुधारणा होईल हेच कळेनासे होते. त्यांनी या स्थितीला 'वैराण पठार' म्हटले. हे रूपक मात्र आम्हांस उत्तम वाटते. कोकणातल्या सड्यावर धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला चारी दिशा सारख्याच सपाट दिसतात, उतार कुठे आहे ते कळत नाही. नेमकी तीच अवस्था गणितात आहे, आणि रूपक गणिताच्या पुढे एक पाऊलही टाकत नाही. चांगल्या आणि वाईट रूपकांतला भेद दाखवायला हे उदाहरण पुरेसे आहे.

२०२२ साली मारिया शुल्ड आणि नेथन किलोरन यांनी, क्वांटम यंत्राची सरशी सिद्ध करणे हेच या क्षेत्राचे ध्येय असावे का, असा प्रश्न आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला. २०२४ साली बोल्स, अहमद आणि शुल्ड यांनी बारा लोकप्रिय क्वांटम प्रतिमाने १६० माहितीसंचांवर तपासली. त्यांना असे आढळले की त्या कसोट्यांवर नेहमीची साधी प्रतिमाने एकंदरीत सरस ठरतात, आणि क्वांटम प्रतिमानांतील 'एन्टँगलमेंट' काढून टाकले तरी ती अनेकदा तितकीच किंवा अधिक चांगली चालतात. हे संशोधक त्या वेळी पेनीलेन बनवणाऱ्या झनाडू कंपनीतीलच होते. आपल्याच घरच्या मालाची इतकी कठोर परीक्षा आपल्या समीक्षाव्यवहारात किती वेळा होते?

या साऱ्यांत आम्हांस सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती युइन टँग यांची कहाणी. २०१६ साली केरेनिडिस आणि प्रकाश यांनी, ग्राहकाला त्याच्या आवडीच्या वस्तू सुचवण्याची एक क्वांटम रीत प्रसिद्ध केली. साध्या संगणकाला ती वेगात गाठता येणार नाही असा समज होता. टेक्सस विद्यापीठात पदवीपूर्व शिक्षण घेणाऱ्या टँग यांना आरन्सन यांनी हा समज सिद्ध करण्याचे काम सुचवले. २०१८ साली, अठराव्या वर्षी, त्यांनी उलटेच सिद्ध केले. क्वांटम रीतीने माहितीच्या साठवणुकीविषयी जी सवलत गृहीत धरली होती तीच साध्या संगणकाला दिली, तर तोही तुल्य वेगाने ते काम करू शकतो. निबंधाच्या गृहीतकांत दडलेली ती सवलत हे मर्म होते. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला सूक्ष्म वाचन म्हणतो, ते याहून वेगळे काय आहे?

एव्हाना कोणी आक्षेप घेईल की प्रत्येकाला संशोधक व्हायचे नसते; सामान्य माणसाला तोंडओळख पुरते. आक्षेप रास्त आहे. परंतु तोंडओळख वेगळी आणि शिक्षण वेगळे. नाटकाची जाहिरात पाहून कोणी नाटक पाहिल्याचे सांगत नाही. इथे मात्र तोंडओळखीलाच अभ्यासक्रमाचे नाव मिळते, शेवटी प्रमाणपत्रही मिळते. शिवाय ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत, ज्याच्या शहरात शंका विचारायला अध्यापक आहे, त्याला अपवाद पुढे कधीतरी भेटतोच. ज्याच्याजवळ केवळ भ्रमणध्वनी आहे त्याच्या वाट्याला अध्यारोपच उरतो. ही विषमता माध्यमाने निर्माण केलेली नाही, पण ती झाकण्याचे काम माध्यम करते.

इथे मराठीचा प्रश्न येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण साजरा केला. या विषयावर मराठी बोलणे ऐकू येते, पण त्यात बहुधा क्रियापदे तेवढी मराठी असतात. परिभाषा नाही म्हणून असे होते हे खरे नाही. विश्वकोशाने 'पुंज', 'व्यतिकरण' हे शब्द केव्हाच दिले आहेत. आमचा आग्रह 'क्वांटम'च्या जागी 'पुंज' लिहावे असा नाही. रुळलेला शब्द राहू द्यावा. आग्रह आहे तो शब्द तोलून घेण्याचा. 'सुपरपोझिशन'ला 'अध्यारोपण' म्हटले तर शब्द नेमका आहे, पण त्याला वेदान्ताचा, म्हणजे मिथ्या आरोपाचा, वास आहे, आणि क्युबिटची ती अवस्था मिथ्या नसते. हे सांगूनच तो वापरावा लागेल. 'एन्टँगलमेंट'साठी 'गुंता' हा शब्द पटकन सुचतो. पण मराठीत गुंता सोडवायचा असतो, तो झालेला बरा नव्हे. श्रॉडिंगर यांनी १९३५ साली इंग्रजी शब्दाबरोबरच जर्मन शब्दही योजला, आणि तो जर्मन शब्द हाताची घडी घालण्यासाठीही वापरतात. त्यात अव्यवस्था नाही, एकमेकांत अडकवलेली रचना आहे. त्या अर्थाला आपली 'गुंफण' अधिक जवळची. हा शब्द स्वीकारावाच असे नाही, परंतु अशी चर्चा मराठीच्या विभागात व्हायला हवी. ती भौतिकशास्त्राच्या विभागावर सोडून देणे म्हणजे भाषेचे काम भाषेच्या माणसांनी नाकारणे होय.

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. चित्रफीत पाहताना हाती कागद असावा, आणि यंत्राने उत्तर देण्याआधी ते आपण लिहून ठेवावे. हॅडामार्ड क्रिया दोनदा केल्यावर काय येईल हे ज्याने आधी लिहिले, मग चुकला, मग कारण शोधले, त्याने तासभराच्या चित्रफितीहून अधिक मिळवले. प्रत्येक रूपकापाशी एक प्रश्न विचारावा: हा आरोप पुढे कुठे मागे घेतला आहे? तो कुठेच घेतलेला नसेल तर ती चित्रफीत तोंडओळख आहे, शिक्षण नव्हे, एवढे समजून पुढे जावे. आणि मराठीच्या व विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून, एकेका संकल्पनेवर दोन-दोन पानांचे, तारीख घातलेले, दुरुस्त होत राहणारे मराठी टिपण लिहावे. त्याला पैसा लागत नाही. दोन विभागांतले दार उघडावे लागते.

हा केवळ अध्यापनपद्धतीचा वाद असता तर आम्ही इतके लिहिले नसते. प्रश्न त्या विद्यार्थ्याचा आहे, जो दहा चित्रफिती पाहतो, प्रत्येक वेळी 'समजले' म्हणतो, आणि पहिल्याच खऱ्या उदाहरणापाशी अडतो. त्याला वाटते, विषय कठीण नव्हता, सगळ्यांना समजला, आपणच कमी पडलो. वस्तुतः त्याला विषय शिकवलाच गेला नव्हता. हे त्याला सांगणारे कोणी तरी जवळपास असले पाहिजे, आणि ते भौतिकशास्त्राचेच शिक्षक असले पाहिजेत असे नाही. रूपक आणि वस्तू यांतला फरक ज्याला ठाऊक आहे असा कोणताही शिक्षक हे काम करू शकतो.